एकटीच्या घरात नवऱ्याची बंदूक परत आणावी का?

आगरवाली

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचते आहे, लिहिते क्वचित. आज सल्ला हवा आहे. ज्यांनी बंदूक हाताळली आहे किंवा ज्यांच्या घरात ती होती, त्यांनी जरूर लिहा.

मी राजापूर तालुक्यातल्या एका वाडीत राहते. वय ६१. घर आगरात आहे, रस्त्यावरून पाखाडी उतरून खाली यावं लागतं. शेजारचं घर हाकेच्या अंतरावर, पण मे महिना आणि गणपती सोडले तर त्याला कुलूप. दिरांचं घर गडग्यापलीकडे, चालत दहा मिनिटं. पोलीस ठाणं २४ किलोमीटर. मुलगा पुण्यात आहे. तो बोलावतो, मी जाते, आणि पंधरा दिवसांत जीव घुसमटला की परत येते. इथे माझी कलमं आहेत, गाय आहे, ह्यांच्या हातचं सगळं इथे आहे.

ह्यांना जाऊन चौदा महिने झाले. शेतीसंरक्षणाचा परवाना ह्यांच्या नावावर होता, त्याआधी सासऱ्यांच्या. बारा बोअरची एकनळी. हे गेल्यावर दिरांनी ती ठाण्यात नेऊन जमा केली. आता पत्र आलंय: वारस म्हणून परवाना तुमच्या नावावर करून घेणार की बंदुकीची विल्हेवाट लावणार, ते कळवा.

मी सरळ 'नको' कळवणार होते. पण भाद्रपदात, गणपती जाऊन आठवडा झाला होता, दोन दिवस लाइट नव्हती. रात्री दीडच्या सुमाराला मोती भुंकायला लागला. कोल्ह्यावरचं भुंकणं वेगळं आणि माणसावरचं वेगळं, हे इतक्या वर्षांत कळतं. मग मागल्या दाराची कडी वाजली. एकदाच. कुणीतरी बाहेरून खांद्याने दार दाबून बघावं तशी. मी माजघरात कोयती घेऊन बसले. मोबाइलला रेंज खळ्यात गेल्याशिवाय येत नाही, आणि खळ्यात जायचं तर दार उघडायला हवं. उजाडेपर्यंत तशीच बसून होते. कोयतीची मूठ एवढी आवळून धरली होती की सकाळी बोटं उघडेनात, दुसऱ्या हाताने एकेक सोडवावं लागलं.

बावीवर गेले तर पंपाची केबल कापून नेलेली. तांब्यासाठी. म्हणजे माणसं खरंच आली होती.

तेव्हापासून मनात तेच घोळतंय, बंदूक घरात असती तर? मुलगा म्हणतो घर बंद कर. दीर म्हणतात बाईमाणसाला बंदूक कशाला. दोन्ही मला पटत नाही.

दोननळी

ताई, परवाना हातचा सोडू नका. नवीन काढायला गेलात तर चपला झिजतील.

मी चंदगडकडचा. घर काजूच्या बागेत, वस्तीपासून दीड किलोमीटर. बायको गेल्यापासून एकटाच. २२ वर्षं दोननळी घरात आहे. माणसावर आजवर रोखलेली नाही आणि देव करो रोखायची वेळ न येवो. पण घरात ती आहे म्हणून मला रात्री झोप लागते. शहरातली माणसं हे समजून न घेता उपदेश करतात. तुमच्या दाराची कडी वाजते तेव्हा तिथे ना पोलीस असतो ना उपदेश करणारा.

मात्र ठेवायची तर नीट ठेवायची. माझी नळी दस्त्यापासून काढलेली असते. काडतुसं वेगळ्या लोखंडी कपाटात, किल्ली करदोट्याला. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी गजाला तेलाचं फडकं बांधून नळीतून ओढायचं. एक आषाढ हयगय केली तर आतून गंज धरलाच समजा. काडतुसंही दमट जागी राहिली की ऐनवेळी फुसकी निघतात. घेतलेल्या प्रत्येक काडतुसाची नोंद असते, हिशोब चोख लागतो.

रानभूल

एवढ्या भानगडी कशाला? छऱ्याची एअर पिस्तूल आणा. साधीला परवाना लागत नाही, दिसते हुबेहूब खरी. दाखवली की चोर पळालाच.

खाकी_निवृत्त

रानभूल, हा सल्ला कृपा करून कुणाला देऊ नका. समोरच्याच्या हातात कोयता किंवा गावठी कट्टा असेल आणि त्याला तुमची खेळण्यातली पिस्तूल खरी वाटली, तर तो खऱ्यासारखाच वार करेल. जे हत्यार चालवता येत नाही ते दाखवायचं नाही. नोकरीत आम्हाला पहिल्या आठवड्यात हे शिकवलं होतं.

ताई, मी ३१ वर्षं पोलिसात काढली, त्यातली अर्धी कोकणात. आधी कागदाचं सांगतो.

वारसाला परवाना मिळू शकतो. तुमच्याकडे तो जिल्हा दंडाधिकारी देतात, आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्त. बाकीच्या वारसांची ना हरकत लागेल, म्हणजे तुमच्या मुलाची. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे अर्जासोबत शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्तीचा डॉक्टरी दाखला, बंदूक हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि ती सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र द्यावं लागतं. मग पोलीस चौकशी. ठाण्याचा माणूस घरी येतो, पोलीस पाटलाला विचारतो, तुमची कुणाशी भांडणं आहेत का ते बघतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनाऐवजी पाच वर्षांची झाली, एवढा त्रास कमी.

आणि परवाना शेतीसंरक्षणाचा आहे हे विसरू नका. बंदूक घरात असली म्हणून रानडुकरावर चालवता येत नाही, १९७२ चा वन्यजीव कायदा आडवा येतो, वनखात्याची परवानगी लागते. हे कोकणात निम्म्या बंदूकवाल्यांना पटत नाही आणि मग शिकारीच्या केसमध्ये बंदूकही जाते, परवानाही जातो.

आता कागदाबाहेरचं. माझ्या नोकरीत घरातल्या बंदुकीची जी प्रकरणं हाताखालून गेली ती अशी: भाऊबंदकीत गडग्यावरून वाद आणि दारूच्या भरात आणलेली बंदूक. शिकारीला गेल्यावर झुडपात हललेला आपलाच माणूस. पोराने कपाट उघडलं ते. आणि घर बंद असताना चोरीला गेलेली बंदूक. एकट्या माणसाने रात्री दरोडेखोराला बंदुकीने परतवलं असं एकही प्रकरण मी स्वतः हाताळलेलं नाही. कुठे घडलं नसेल असं नाही म्हणत. मी पाहिलेलं सांगतो.

यातल्या शेवटच्या प्रकारावर विचार करा. तुम्ही अधूनमधून पुण्याला जाता. तेव्हा बंदूक कुठे? घरात ठेवली आणि चोरीला गेली तर चौकशी तुमची. प्रत्येक वेळी ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची तर २४ किलोमीटर जा-ये. निवडणुकीच्या वेळचं वेगळंच. सरसकट सगळ्यांच्या बंदुका जमा करू नका, छाननी समितीने एकेक परवाना बघून ठरवावं, असं मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे, तरी आचारसंहिता लागली की निरोप येतोच.

सनद

वकिली करते, म्हणून फक्त माझ्या प्रांतातलं लिहिते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. स्वसंरक्षणाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. तो हक्क खरा आहे, बाईमाणसालाही तेवढाच आहे (दिरांना सांगा). सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी कुणी घर फोडून आत शिरत असेल तर कलम ४१ प्रमाणे हा हक्क समोरच्याचा जीव जाण्यापर्यंतही पोचतो.

पण त्याला कलम ३७ चं कुंपण आहे. बचावाला लागेल तेवढीच इजा, त्याहून जास्त नाही. सरकारी यंत्रणेची मदत घ्यायला वेळ असेल तर हक्क नाही. आणि बचावात केलं हे दाखवण्याची जबाबदारी आपल्यावर येते. आगरवाली ताईंच्या रात्रीचंच बघा. दाराची कडी एकदा वाजली, दार शाबूत होतं, माणसं बावीवर केबल कापत होती. त्या अंधारात खिडकीतून बार काढला असता आणि कुणी मेलं असतं, तर पंपाच्या केबलसाठी माणूस मारला असा खटला उभा राहिला असता. पाठमोऱ्या पळणाऱ्यावर छर्रे झाडले तर ते बचावात बसवणं मला तरी फार कठीण जाईल. बारा बोअरचे छर्रे पसरतात, पायावर नेम धरला हे कोर्टात सांगून भागत नाही.

दोननळी

सनदताई, तुमचं कायद्याने बरोबर. पण दार फुटून माणूस आत आला असता तर? तेव्हा ताईंनी कलम आठवायचं का?

सनद

नाही. तेव्हा जीव वाचवायचा. मी एवढंच म्हणते की दार शाबूत असताना आणि दार फुटल्यावर, या दोन्हींत जो फरक आहे तो दीड वाजता, काळोखात, घाबरलेल्या माणसाला करावा लागतो. बंदूक नसेल तर ती चूक करायची संधीच येत नाही.

लेक_ह्यूस्टनची

मी टेक्सासमध्ये एकटी राहते, म्हणून इथलं सांगते.

इथे येऊन सहा महिने झाल्यावर ऑफिसातल्या मैत्रिणीने पहिला प्रश्न विचारला, 'एकटी राहतेस आणि घरात गन नाही?' तिच्या आईनेही घेतली होती, आजीनेही. २००८ साली हेलर खटल्यात इथल्या सर्वोच्च न्यायालयाने स्वसंरक्षणासाठी घरात बंदूक ठेवणं हा नागरिकाचा वैयक्तिक हक्क मानला, आणि टेक्सासात तर १ सप्टेंबर २०२१ पासून बहुतेक सज्ञान माणसांना परवान्याशिवाय पिस्तूल जवळ बाळगता येते. मी तेव्हा एच-१बी वर होते. आपल्या पोरापोरींना हे माहीत नसतं, म्हणून मुद्दाम लिहिते: एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर बंदूक जवळ ठेवणं फेडरल कायद्याने गुन्हा आहे, शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे मोजके अपवाद सोडून. मित्राची बंदूक हातात घेऊन फोटो टाकणारे देशी मुलगे बघितले की पोटात गोळा येतो.

ग्रीन कार्ड आल्यावर मी रेंजवर जायला लागले. आठ शनिवार गेले. कागदाच्या माणसावर नेम बरा बसायचा. नवव्या शनिवारी शिकवणाऱ्या बाईंनी मला जिन्यावरून पळत वर-खाली करायला लावलं, दिवे मालवले आणि टॉर्चच्या उजेडात नेम धरायला सांगितलं. हात असे थरथरत होते की मला समोरची पाटीच धड दिसेना. त्या म्हणाल्या, रात्री तुझे हात असेच असणार, आणि त्या हातांनी दर आठवड्याला सराव करणार असशील तरच घे. इथल्या अपार्टमेंटच्या भिंती जिप्समच्या पत्र्यांच्या, गोळी आरपार शेजारच्या बेडरूममध्ये जाते. पलीकडे एक वर्षाचं बाळ होतं.

मी घेतली नाही. माझ्या मैत्रिणीकडे आहे, तिजोरीत असते, ती दर आठवड्याला सराव करते, आणि तिच्याबद्दल मला पूर्ण आदर आहे.

धुकं

हा धागा दोन दिवस वाचते आहे. लिहू की नको असं चाललं होतं.

माझे वडील निवृत्तीनंतर गावी राहत होते. आई गेल्यावर एकटे. बंदूक त्यांनी रानडुकरांसाठी आणि 'एकटा आहे, असावी' म्हणून ठेवली होती. आम्ही तिघं भावंडं त्यांना विचारायचो, दारं नीट लावता ना, चोरांची भीती नाही ना. ते हसायचे. आमच्यातल्या कुणीही त्यांना कधी विचारलं नाही की बाबा, तुम्हाला जगावंसं वाटतंय ना. एका पावसाळ्यात ते स्वतःच गेले. घरात चोर कधीच आला नव्हता.

अमेरिकेचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते, तिथे बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. मला हे नंतर कळलं. माणसाची एखादी रात्र फार वाईट असते, आणि ती रात्र सरली की पुष्कळदा तो सावरतो. पण हाताशी अशी वस्तू असेल तर सावरायला सकाळच मिळत नाही.

आगरवाली ताई, राग मानू नका. चौदा महिने म्हणजे फार दिवस नाहीत. तुम्ही कशा आहात?

आगरवाली

धुकं, राग कसला. हा प्रश्न चौदा महिन्यांत मला पहिल्यांदा कुणीतरी विचारला.

पहिल्या पावसात वाईट दिवस होते. संध्याकाळी दिवा लावायची वेळ झाली की अंगातलं सगळं बळ जायचं. गाय हंबरायची म्हणून उठायचे, नाहीतर उठले नसते. तेव्हा बंदूक कपाटात असती तर काय, हा विचार मी आजपर्यंत केला नव्हता. काल रात्री केला. आता बरी आहे. खरंच बरी आहे. पण तुमचं लिहिणं वाचून मी दार लावून घेतलं आणि खूप रडले, मग मुलाला फोन केला आणि त्यालाही सांगितलं.

धुकं

ताई, कधीही परत तसं वाटलं तर १४४१६ लावा, टेलिमानस, मनाच्या आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं, रात्रीही लागतो. ज्येष्ठांसाठी १४५६७ आहे. माझा नंबर मी तुम्हाला निरोपातून कळवते.

दोननळी

धुकंताई, माझ्याकडे शब्द नाहीत. माझी मुलं बेळगावात आहेत. आज किल्ली धाकट्याकडे द्यावी का असा विचार दिवसभर केला. अजून ठरलं नाही, पण केला.

आगरवाली ताई, एक करा. कागदावर सही करण्याआधी ठाण्यात जाऊन बंदूक एकदा हातात घ्या, रिकामी. खांद्याला लावून बघा. बारा बोअरचा धक्का वाईट असतो. खांद्यात नीट बसली नाही तर गळ्याचं हाड दुखावतं. मी फुकटच 'सोडू नका' म्हणून मोकळा झालो, हे आधी विचारायला हवं होतं.

मधली_आळी

पुण्यात फ्लॅटमध्ये एकटी राहते. माझ्याकडे सेफ्टी डोअर, पीपहोल आणि खालच्या मजल्यावरच्या काकू आहेत. रोज सकाळी सातला मी त्यांच्या दाराला दुधाची पिशवी अडकवते, नाही अडकवली तर त्या वर येतात. गावी काय करता येईल ते इथल्या माणसांनी सांगा.

खाकी_निवृत्त

सांगतो. ताईंची त्या रात्रीची खरी अडचण हत्याराची नव्हती, कुणाला हाक मारता येत नव्हती ही होती.

रेंज खळ्यात आहे, घरात नाही. गावात फायबर पोचली असेल तर जोडणी घ्या, राउटर छोट्या बॅटरीवर ठेवा आणि मोबाइलमध्ये वायफाय कॉलिंग चालू करा. माजघरातून फोन लागेल. तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कुठल्या कंपनीची असेल तर ११२ लागतो, हेही लक्षात ठेवा. पोलीस यायला चाळीस मिनिटं लागतील, म्हणून पहिला फोन दिरांना, दुसरा ११२ ला. ग्रामसुरक्षा यंत्रणा तुमच्या ग्रामपंचायतीने घेतली आहे का ते विचारा, तिच्या नंबरवर तुम्ही जे बोलाल ते एकाच वेळी गावातल्या सगळ्या फोनांवर जातं. पुणे-नाशिककडे चोर पकडायला ती फार उपयोगी पडली आहे. आणि मागल्या दाराला कडीऐवजी आतून आडणा, म्हणजे दारामागे आडवा लाकडी दांडा, घाला. जुन्या घरांना भिंतीत त्याची भोकं असतात, बघा तुमच्याकडे असतील.

केबल चोरीची तक्रार दिलीत का? दिली नसेल तर द्या. केबल मिळणार नाही, पण ठाण्याच्या नोंदीत तुमची वाडी येईल आणि रात्रीची गाडी पाखाडीपर्यंत फिरकेल.

आगरवाली

मंडळी, उशीर झाला, तीन आठवड्यांनी लिहिते आहे.

गेल्या मंगळवारी ठाण्यात गेले. हवालदारांनी आतून बंदूक आणून टेबलावर ठेवली. चापाच्या कडीला सुतळीने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली, तिच्यावर ह्यांचं नाव, पुढे 'मयत'. दस्त्यावर सासऱ्यांनी चाकूने कोरलेलं अक्षर आहे, ते झिजून गुळगुळीत झालंय, तिथे ह्यांचा गाल टेकायचा. नळीला तांबूस गंज चढला होता. ह्यांना बघवलं नसतं.

मी उचलली. उजव्या खांद्याचा सांधा दोन वर्षांपासून धरलेला आहे, हात काटकोनाच्या वर जात नाही. हे मला माहीत होतंच, पण बंदूक आणि तो खांदा मी मनात कधी एकत्र आणलेच नव्हते. तीनदा प्रयत्न केला. हवालदार भले होते, काही बोलले नाहीत, खुर्ची पुढे केली.

परवाना मी घेत नाही. दिरांचा मुलगा स्वतः शेती करतो, माकडं-डुकरांनी तोही बेजार आहे. त्याने आपल्या नावाने अर्ज केलाय, मी आणि मुलाने आमचं ना हरकत लिहून दिलं. मिळाला तर ठीक, नाहीतर विक्रेत्याकडे जाईल. त्याला एकच अट घातली आहे, दोननळीदादा म्हणतात तशी नळी आणि काडतुसं वेगळी ठेवायची.

फायबर आली. राउटर देवघराच्या फळीवर आहे. मागल्या दाराला भोकं होती, चुन्याने बुजवलेली, सुताराने ती मोकळी करून शिसवी आडणा करून दिला. वाडीतली एक मुलगी कॉलेजचा अभ्यास करायला रात्री माझ्याकडे येते, तिच्या घरी जागा नाही. ती माजघरात वाचत बसते, मी तिथेच पडते.

पंपाला नवीन केबल टाकायची आहे. यावेळी अ‍ॅल्युमिनियमची टाकली तर चोर नेणार नाहीत असं वायरमन म्हणतो, पण तीन एचपीच्या पंपाला ती चालेल का? कुणी वापरली आहे का?

दोननळी

चालते ताई, पण तांब्यापेक्षा जाड घ्यावी लागते, आणि स्टार्टरच्या जोडणीला लग नीट दाबून घ्यायला सांगा, सैल राहिली की तिथेच जळते. बावीपासून स्टार्टरपर्यंत किती फूट आहे ते कळवा.